वेगळी पावती

गेली नऊ वर्षं आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मी गोळा करतोय. त्यामुळे कुणाचा हात सैल आणि कुणाचा आखडता, याबद्दल माझी मतं आपोआप पक्की झाली होती. यंदा ती जरा हलली.

दार पुरुषाने उघडलं की पहिला प्रश्न, "शेजाऱ्याने किती दिले?" पावतीपुस्तक स्वतःच चाळणार, ५०१ दिसले की १००१ लिहायला सांगणार. नाहीतर थेट "नंतर या", आणि ते नंतर विसर्जनापर्यंत उगवत नाही. बाईने उघडलं तर, "गेल्या वर्षी काय दिलं होतं? तेवढेच घ्या." मी मनात म्हणायचो, बायका जरा चिकटच.

मग जेम्स आंद्रेओनी आणि लिसे वेस्टरलुंड या अर्थशास्त्रज्ञांचा २००१ सालचा अमेरिकेतला प्रयोग वाचनात आला. हातातले पैसे अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचे. द्यायला स्वस्त पडतं तेव्हा पुरुष जास्त देतात, आणि दिल्याने स्वतःचं बरंच जातं तेव्हा बायका. शिवाय पुरुषांत बरेचसे एकतर सगळं देणारे, नाहीतर सगळं ठेवणारे. बायकांचा कल निम्मं-निम्मं करण्याकडे. माझंच पावतीपुस्तक की हो!

मागच्या वर्षी वॉचमनची बायको बाळंत झाली. बी विंगमधल्या तिघीजणींनी सव्वा महिना पाळी लावून डबा पोचवला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जुन्या साड्यांची दुपटी. ते माझ्या हिशेबात कुठे येणार? रोज सकाळी नोकरीला पळताना एक डबा जास्तीचा भरणं ही महागातली देणगी आहे.

आता कुणी म्हणेल, बायकांचा मेंदूच तसा. झुरिच विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास यासाठी हमखास फॉरवर्ड होतो. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचं काम औषधाने अडवलं, तर बायका जास्त स्वार्थी झाल्या आणि पुरुष जास्त उदार. पण हा फरक जन्मजातच आहे असं नाही, शिकवणुकीतूनही येऊ शकतो, हे त्याच संशोधकांनी सांगितलंय, ते फॉरवर्डमध्ये नसतं. "दादाला मोठा तुकडा दिलास? शहाणी गं माझी बाय ती!" हे आपल्या घरात कुणी ऐकलं नाही?

आणि इथेच मला अस्वस्थ व्हायला होतं. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. माझ्या मामीने मामाला किडनी दिली. तेव्हा "कोण देणार" अशी चर्चाच झाली नाही. मामाला दोन सख्खे भाऊ आहेत, धडधाकट. सगळ्यांनी मामीलाच धरलं होतं. मीही. नंतर आम्ही तिचं तोंडभरून कौतुक केलं. ती हो म्हणाली हे खरं, पण नाही म्हणायला जागा कुठे ठेवली होती आम्ही?

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. दरवर्षीप्रमाणे ५०१, काकांच्या नावाने. पेन टेकवलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "काकू, नाव कुणाचं घालू?"

त्या थबकल्या. आत टीव्हीवर मॅच चालू होती.

"ते ह्यांचंच राहू दे," म्हणाल्या. मग किचनमध्ये जाऊन आल्या. हातात घडीच्या नोटा, डाळीच्या पिठाचा वास येणाऱ्या. "हे ७०१ माझे. वेगळी पावती फाडा."