लॉगिन त्यांचं, फाईल आपली

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. "अगं, व्हिसा रिन्यूअल अर्धवट असताना कन्सल्टंट बदलला तर चालतो का? की फाईलवर लाल शेरा बसतो?" मी तिला सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. नंतर तो स्वतःच ऐकला तेव्हा लक्षात आलं, त्यातली चार मिनिटं मी नुसती चिडलेली होते. म्हणून आता जरा शांतपणे लिहिते आहे.

देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथली मराठी मंडळी मोजकी आहेत. देश लिहिला की सल्लागार कोण हे तासाभरात सगळ्यांना कळेल, आणि मला त्या माणसाची शोभा करायची नाही. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या मित्रमैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की फॉर्मांची नावं तेवढी बदलतात, गोष्ट सगळीकडे तीच असते.

तर, आमचं हे तिसरं रिन्यूअल. पहिली दोन याच गृहस्थांनी केली होती आणि काही अडलं नव्हतं. ओळखीतून मिळालेले, बोलायला गोड, मराठी. पहिल्या भेटीतच मी त्यांना "दादा" म्हणायला लागले. माझी पहिली चूक हीच, असं मला आता वाटतं. फी घेऊन काम करणाऱ्या माणसाला एकदा दादा म्हटलं की पावती मागायला जीभ रेटत नाही. "अर्जाची प्रत पाठवा" म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटतं. "बघतो, काळजी करू नका" असं उत्तर आलं की आपण खरंच काळजी करायचं सोडून देतो.

या वेळी अर्ज गेला तो जुना व्हिसा संपायच्या दोन दिवस आधी. कागद आम्ही दीड महिना आधी दिले होते. मग शांतता. निळ्या टिकांचीही सवय झाली. आणि एका सकाळी ऑफिसमधून एचआरचा फोन आला, की इमिग्रेशन खात्याने तुमच्या कामाबद्दल चौकशी केली आहे, तुम्हाला पत्र आलंच असेल ना?

आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, सल्लागाराच्या इनबॉक्समध्ये. कागद पाठवायला अठ्ठावीस दिवसांची मुदत होती आणि त्यातले सतरा दिवस उलटून गेले होते. "स्पॅममध्ये गेलं असेल," दादा म्हणाले.

बहुतेकांना ठाऊक नसतं म्हणून इथे जरा थांबते. आपण प्रतिनिधी नेमतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी आपला टपालाचा पत्ताही त्याच्या हवाली करतो. ऑस्ट्रेलियात तर कायदाच सांगतो की नेमलेल्या माणसाला पत्र पोहोचलं म्हणजे ते अर्जदाराला पोहोचलं. त्याने ते वाचलं की नाही, तुम्हाला सांगितलं की नाही, हा तुमचा आणि त्याचा मामला. मुदतीचं घड्याळ सुरू झालेलं असतं. अमेरिकेत नोटिसा सहसा वकील आणि अर्जदार दोघांनाही जातात, त्यामुळे तिथली माझी मावसबहीण हे ऐकून चकितच झाली. आमच्याकडे तशी सोय नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी नवी वकीलबाई शोधली. तिचा पहिला प्रश्न, "आधीच्या अर्जात काय लिहिलंय?"

मला सांगता येईना. इतक्या वर्षांत पूर्ण भरलेला अर्ज मी एकदाही पाहिलेला नव्हता. दर वेळी फक्त शेवटचं पान यायचं, सही करायच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेलं. मी सही करायची, फोटो काढून पाठवायची, आणि काम झालं म्हणून फोन बाजूला ठेवायची. बँकेच्या कागदावर दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारी मी.

जुन्यांकडून फाईल मिळवायला तीन मेल लागले. आधी फोन, मग रुसवा ("एवढ्या वर्षांचे संबंध..."), मग उरलेली फी आधी द्या असा आग्रह. झालेल्या कामाचे पैसे मी दिले, न झालेल्याचे दिले नाहीत, आणि ते लेखी कळवलं. चौथ्या दिवशी एकसष्ट पानांची, वाकड्यातिकड्या स्कॅनची पीडीएफ आली.

आम्ही दोघी ती स्क्रीनवर एकेक पान वाचत बसलो. नवव्या पानावर प्रश्न होता : कोणत्याही देशाने तुम्हाला आजवर व्हिसा नाकारला आहे का? खाली खूण होती, "नाही".

मला नाकारला गेला आहे. लग्नाच्या आधी, एका तिसऱ्याच देशाचा पर्यटक व्हिसा. मी ते लपवलं नव्हतं, आणि फाईलमधल्या मागच्या दोन्ही अर्जांत तिथे "हो" होतं. या वेळी "नाही". बहुधा दुसऱ्या कुणाचा अर्ज समोर ठेवून भरला असावा, कारण पुढच्या पानावर माझ्या पदाखाली जी कामं लिहिली होती, त्यातली दोन मी आयुष्यात केलेली नाहीत. आणि खाली माझी सही. वरची सगळी माहिती खरी आहे, मी ती वाचली आहे.

वकीलबाई काही बोलली नाही. तिने फक्त त्या सहीवर कर्सर नेऊन ठेवला.

अशा खोट्या उत्तराला काय किंमत असते ते नंतर वाचलं. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं दार बंद. ऑस्ट्रेलियात ३ वर्षं, आणि ओळखीबाबतची फसवणूक असेल तर १०. ब्रिटनमध्येही फसवणुकीचा ठपका १० वर्षांपर्यंत पाठ सोडत नाही. "एजंटने भरलं होतं, मला माहीत नव्हतं" हे सांगता येतं, पण त्याने सुटका होईलच असं कुणी धरून चालू नये. सही आपली असते.

चूक आपणहून, खात्याने विचारायच्या आधी कळवली तर तिच्याकडे बघायची नजर वेगळी असते. ऑस्ट्रेलियात तर चुकीची उत्तरं कळवायला वेगळा फॉर्मच आहे, क्रमांक १०२३. आम्ही एक पानी पत्र दिलं : काय चुकलं, खरं काय, जुन्या दोन अर्जांत काय लिहिलं होतं त्याच्या प्रती. रडगाणं नाही, जुन्या सल्लागारावर आगपाखड नाही. माझ्या मसुद्यात ती होती, वकीलबाईने ती एका फटक्यात उडवली. अधिकाऱ्याला तुमच्या भांडणात रस नाही, म्हणाली.

आता मैत्रिणीच्या मूळ प्रश्नाकडे. सल्लागार बदलल्याने लाल शेरा बसत नाही. ही रोजची गोष्ट आहे, त्यासाठी फॉर्म ठरलेले आहेत. ऑस्ट्रेलियात फॉर्म ९५६, कॅनडात आयएमएम ५४७६, अमेरिकेत जी-२८. कॅनडाच्या फॉर्मवर तर प्रतिनिधी नेमायचा आणि काढायचा, दोन्ही भाग एकाच कागदावर आहेत. माझा सल्ला एवढाच, की नवा माणूस नेमल्याचा कागद जाईपर्यंत जुन्याला तोडू नका, आणि मधल्या दिवसांत खात्याकडे स्वतःचा ईमेल आणि पत्ता बरोबर आहे ना ते बघा. आम्ही दोन्ही कागद एकाच दिवशी पाठवले.

खरी भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगायला हवी. जुना व्हिसा संपलेला असताना तुम्ही देशात कायदेशीर राहता ते कशाच्या जोरावर? मुदतीत भरलेला अर्ज अजून निकालात निघालेला नाही, त्याच्या जोरावर. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३सी, कॅनडात मेंटेन्ड स्टेटस, ऑस्ट्रेलियात ब्रिजिंग व्हिसा, न्यूझीलंडमध्ये इंटरिम व्हिसा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल तर त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. अटी वेगवेगळ्या, पण सगळं त्या एका प्रलंबित अर्जाला टांगलेलं. सल्लागार बदलला तरी अर्ज जागेवर राहतो. पण नवा सल्लागार म्हणाला, "हा मागे घेऊ आणि नव्याने भरू," तर तिथे थांबा. जुना व्हिसा संपलेला असताना अर्ज मागे घेतला की पायाखालची फळी आपणच काढून टाकतो. कधी कधी त्याला खरंच कारण असतं. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की नवीन अर्जाची फी पूर्ण मिळते आणि दुसऱ्याच्या फाईलची डागडुजी करण्यात वेळ जातो.

शब्दांनाही जपा. खात्याला मेल लिहिताना "मी मागे घेते आहे" यापुढे काय मागे घेताय ते स्पष्ट लिहा. प्रतिनिधीला दिलेला अधिकार मागे घेते, अर्ज नव्हे. माझा पहिला मेल रागाच्या भरात इतका मोघम झाला होता की नवऱ्याने वेळीच वाचला म्हणून वाचले.

जुना सल्लागार फाईल देतच नसेल तर? काही देशांत वकिलाला फी मिळेपर्यंत कागद अडवून धरायचा हक्क असतो, त्यामुळे नुसत्या आरडाओरड्याने काम होत नाही. पण तीच फाईल सरकारकडेही असते. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखीच वाट तिथेही आहे. ब्रिटनमध्ये डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःबद्दलची माहिती फुकट मागता येते आणि साधारण महिन्याभरात द्यावी लागते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतही असे अर्ज करता येतात. वेळ लागतो, म्हणून मुदत डोक्यावर असेल तर त्या भरवशावर बसू नका.

आणि नवा माणूस निवडताना नोंदणी क्रमांक आधी. ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. तिथली देखरेख करणारी संस्था १९९९ च्या कायद्याने आली, जानेवारी २०२५ पासून तिचं नाव इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी. न्यूझीलंडमध्ये २००७ चा परवाना कायदा आहे. कॅनडात सल्लागारांचं कॉलेज २०२१ पासून काम करतं. या सगळ्यांच्या याद्या ऑनलाइन आहेत, दोन मिनिटांचं काम. आता हेही सांगते, की माझ्या जुन्या दादांचं नाव यादीत होतं आणि अजून आहे. परवाना आहे म्हणजे माणूस मेल उघडतो असं नाही. पण बिनपरवाना माणसाने घोळ घातला तर दाद मागणं आणखीच अवघड होतं.

ज्यांचा अर्ज कंपनीचा वकील हाताळतो त्यांच्यासाठी एक सूचना. अमेरिकेतल्या एच-१बीमध्ये मूळ अर्जदार कंपनीच असते, त्यामुळे तो वकील तुम्हाला बदलता येत नाही. स्वतःचा वकील सल्ल्यापुरता ठेवता येतो. माझ्या मावसबहिणीने तसंच केलं, आणि कंपनीच्या वकिलाला तो प्रकार फारसा आवडला नाही.

हे वाचून उद्या सगळ्यांनी सल्लागार बदलू नयेत. खातं संथ आहे म्हणजे सल्लागार वाईट आहे असं नव्हे. ग्रुपवर कुणाला तरी तीन आठवड्यांत मंजुरी मिळाली आणि तुमची तीन महिने अडली, तर त्यात त्याचा दोष काय? एक साधी परीक्षा घ्या. अर्ज भरल्याची पोच आणि भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागा. दोन दिवसांत आली तर गपचूप त्याच्याकडेच राहा. "कशाला हवंय तुम्हाला?" असं उत्तर आलं तर मात्र शोधाशोध सुरू करा.

आमचा व्हिसा आला, अठ्ठावीस दिवसांची मुदत संपायच्या तीन दिवस आधी कागद पोहोचले होते. नवी वकीलबाईही काही देवदूत नाही. तिच्या पहिल्या मसुद्यात मुलीच्या पासपोर्टचा क्रमांक जुना होता. फरक इतकाच की तो मसुदा या वेळी माझ्या समोर होता आणि मी तो बोट ठेवून वाचला. तीही चिडली नाही, "थँक यू" म्हणाली आणि दुरुस्त केला. दादांशी आता बोलणं नाही. मला अजून थोडं वाईट वाटतं, हे खोटं कशाला सांगू.

आणि ती मैत्रीण. तिने माझं सात मिनिटांचं भाषण ऐकून कन्सल्टंटला फाईलची प्रत मागितली. दुसऱ्या दिवशी आली, त्रेचाळीस पानं. न बदलताच भागलं असं म्हणून आम्ही दोघी खूश झालो. मग रात्री अकराला तिचा फोन. सहाव्या पानावर तिच्या नवऱ्याच्या जन्मतारखेतला दिवस आणि महिना उलटा पडला होता. अर्ज गेल्याला पाच आठवडे झाले होते.