पौषातली वरात

रविवारी सकाळी मिसळीवर दुसऱ्यांदा तर्री घेताना माणसाला आपण अजून तिशीतच आहोत असं वाटतं. आमचे सगळे बेत नेमके त्याच क्षणी ठरतात. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर डॉक्टर अर्ध्यात बसून राहिला तो बेत तिथलाच, आणि हाही तिथलाच: घोड्यावरून रपेट, धरणाकाठी तंबू, रात्री शेकोटी. आम्ही चौघं पन्नाशीच्या उंबरठ्यावर. घोड्यावर बसण्याचा अनुभव चौघांत मिळून चार वेळांचा, म्हणजे प्रत्येकी एकदा, आपापल्या लग्नात.

आमच्यातला एक द्राक्षबागायतदार आहे. त्याच्या ओळखीचे एक मामा नाशिकजवळ गिरणारे गावाकडे घोडी बाळगून होते. "सध्या पौष चालूय, घोडी रिकामीच आहेत, स्वस्तात देतील," तो म्हणाला. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात हे मला माहीत होतं. त्याचा आपल्या रपेटीशी काय संबंध, हे मात्र डोक्यात शिरलं नाही. तर्रीचा अंमल होता.

जानेवारीतल्या शनिवारी सकाळी दातावर दात आपटत पोचलो. डॉक्टर रात्रभर मोबाइलवर अभ्यास करून आला होता. घोडं आपल्या वजनाच्या साधारण 20 टक्के ओझं आरामात वाहतं, हे त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो, तेही खोगिरासकट. मी एकटाच 86. मामांनी मला उभं न्याहाळण्याऐवजी आडवं न्याहाळलं आणि पोराला सांगितलं, "ह्या सायबांना चांदणी दे. ती नव्वद-नव्वद किलोचे नवरदेव उचलती."

चांदणी पांढरीशुभ्र, उंच, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. तिच्या दोन्ही कानांची टोकं वर एकमेकांना भिडत होती, दोन बायका भिंतीवरून कुजबुजताना डोकी जवळ आणतात तशी. घोड्यावर डावीकडून चढायचं असतं. म्हणे तलवार डाव्या कमरेला असायची, ती मध्ये येऊ नये म्हणून. माझ्या डाव्या कमरेला मोबाइलचं पाकीट होतं आणि तेवढंच मध्ये आलं. शेवटी उपडी बादली, मामांचा खांदा आणि बागायतदाराने खालून दिलेला अत्यंत अपमानास्पद रेटा, अशा त्रिविध साहाय्याने मी खोगिरावर पोचलो.

निघालो. बाकीची तीन घोडी सरळ चालू लागली. चांदणी वीसेक पावलं चालली आणि थांबली.

लगाम सैल सोडला, चुचकारलं, टाच लावून पाहिली. ढिम्म. दोनेक मिनिटांनी आपणहून निघाली, वीस पावलं चालली, पुन्हा थांबली. मान खाली घालून पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे अशी काही पाहत राहिली, की मलाही तिथे कोणीतरी आहे असं वाटायला लागलं.

"मामा, हिचं पाऊल दुखतंय का?"

"न्हाई ओ. तिला वाटतंय फुडं नाचणं चालूय."

पौषाचा आणि रपेटीचा संबंध तिथे उलगडला. जिची सगळी नोकरी वरातीत गेली, तिला सलग चालणं म्हणजे कामचुकारपणा वाटणार. तिच्या हिशेबात रस्ता दोनशे फुटांचा असतो आणि त्याला दोन तास लागतात. धरणाचा काठ आठ किलोमीटरवर होता. मी मनात त्रैराशिक मांडलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

इंजिनियरला कल्पना सुचली. (त्याला कल्पना सुचतात म्हणूनच आम्ही त्याला कुठे नेत नाही.) त्याने मोबाइलवर बँडचं गाणं लावलं. चांदणीचे कान टवकारले, मान कमानीसारखी वळली आणि ती जागच्या जागी पाय उचलून नाचू लागली. तिच्यावर मीही. माझ्या पाठीचे मणके त्या तालावर एकेक करून हजेरी देत होते.

"बंद कर!"

"फुडं माणसं पायजेत," मामा शांतपणे म्हणाले. "माणसं चालली की ती चालती."

मग काय करणार! तिघं आपापल्या घोड्यांवरून उतरले. ती घोडी मामांच्या पोराने मागून आणली आणि हे तिघं चांदणीपुढे चालू लागले. डॉक्टर जेवणाच्या स्टीलच्या ताटावर चमच्याने ठेका धरून. चांदणी खूश. आता ती रमतगमत का होईना, थांबेना. द्राक्षबागांमधल्या त्या रस्त्याने डोक्यावर उन्हाची टोपी, हातात लगाम आणि पुढे ताट बडवणारे तीन पन्नाशीचे पुरुष, असे आम्ही एका वस्तीत शिरलो. पोरं धावत आली. बाया ओट्यावर आल्या. एक म्हातारी कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पौषात कोणाचं लगीन काढलं रं? आन् नवरदेव बिजवर दिसतोय!"

पुढे एका हरभऱ्याच्या वावरात चांदणीने वरात परस्पर आत वळवली. घाटे भरलेले होते. त्या दहा मिनिटांचे मी पाचशे रुपये दिले. मालक भला, बदल्यात आम्हालाही ओंजळभर घाटे दिले.

तंबू ठोकले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. घोड्यांसोबत मुक्काम म्हणजे आपण शेकोटीशी बसायचं आणि घोडी चित्रासारखी उभी राहायची, अशी आमची समजूत. एक घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितं. धरणाचं पाणी काठापासून बरंच आत गेलेलं, आणि चांदणी चिखलात पाय घालायला राजी नाही. तेव्हा बादल्या आम्हीच वाहिल्या. मग तोबरे, कडबा, अंगावर झुली, मग लीद उचलणं. इतकी सेवा मी आयुष्यात कुणाची केली नाही. बायको हे वाचणार आहे, तरीही लिहितो.

घोडी उभ्याने झोपतात, त्यांच्या पायांचे सांधे अडकून राहतात, हे डॉक्टरने शेकोटीशी सांगितलं होतं. त्यामुळे पहाटे तीनला माझ्या तंबूशेजारी पोतं आपटावं तसा आवाज झाला आणि बॅटरीच्या उजेडात चांदणी चारी पाय पसरून आडवी दिसली, तेव्हा माझा श्वासच अडकला. 86 किलो! मामांना हलवून उठवलं.

"गेली हो मामा!"

मामांनी गोधडीतून एक डोळा उघडला. "झोपलीय. गाढ झोपायचं तर तीबी आडवी व्हती. तुमीबी व्हा."

सकाळी चांदणीचा चिखलाचा सोवळेपणा कुठे गेला कोण जाणे. मामांनी मला वर बसवून तिला पाणी दाखवायला नेलं. गुडघाभर पाण्यात शिरून ती पुढच्या पायाने पाणी उडवायला लागली. मला गंमत वाटली. मी फोटो काढायला सांगत होतो. मामा काठावरून ओरडत होते, "उतरा! उतरा सायेब! बसती ती!"

बसली. गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात आणि हे धरण तिच्यावरचंच. 'गंगेत घोडं न्हालं' याचा अर्थ 'काम एकदाचं पार पडलं' असा लिहून शाळेत मी पूर्ण मार्क मिळवले होते. स्वारासकट न्हालं तर काय म्हणायचं, हे पुस्तकात नव्हतं. जानेवारीचं पाणी होतं एवढंच सांगतो.

परत येताना मी घोड्यावर बसायच्या परिस्थितीत नव्हतो, बसायच्याच परिस्थितीत नव्हतो. मामांनी गिरणाऱ्याहून एक छोटा हत्ती बोलावला. त्यात टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांमध्ये, घोड्याची झूल पांघरून, उभ्याने घरी आलो. पुढचे चार दिवस ऑफिसातही उभा होतो. साहेबांना वाटलं, आदर वाढला.

गेल्या आठवड्यात माघातलं एक लग्न होतं. गंगापूर रोडवर आमची गाडी वरातीत अडकली. पुढे बँड, फेटे, लायटिंग आणि पांढरी घोडी. वीस पावलं चालायची, थांबायची.

"अहो, हॉर्न तरी वाजवा," बायको म्हणाली.

मी गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली आणि सीट मागे केली.