इंग्लिश रोकोको आरसा फुटका नव्हे, नकलीही नव्हे
अठराव्या शतकातील एका सोनेरी इंग्लिश आरशाच्या छायाचित्राखाली सध्या एक मजकूर फिरतो आहे. असे आरसे म्हणजे फ्रेंच कलेची निव्वळ नक्कल, सारे इंग्लिश फर्निचर-कारागीर टॉमस चिपेंडेलच्या हातचे, चौकट सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, आणि काचेत सांधा दिसला की आरसा फुटल्यावर जोडलेला समजावा, असे त्यात म्हटले आहे.

शेवटचे विधान आधी घेतो, कारण त्यावर विसंबून कोणी मूळ काच बदलली तर ते नुकसान भरून निघणार नाही. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस काच ओतून मोठे तक्ते बनू लागले होते. इंग्लंडमध्ये ओतीव काचेची कंपनी १७७३ मध्ये स्थापन झाली. तोवर तिथे काच फुंकून, मग कापून सपाट करीत, त्यामुळे मोठा तक्ता दुर्मीळ आणि महाग असे. म्हणून कारागीर लहान तुकडे शेजारी शेजारी बसवत आणि सांध्यांवरून कोरीव वेल नेत. मागच्या कथील-पाऱ्याच्या थरातील पारा उडून कडेला पडलेले करडे ठिपके हे वयाचे लक्षण आहे, दोष नव्हे.

नकलेच्या आरोपात अर्धे सत्य आहे. रोकोको या अठराव्या शतकातील सजावटशैलीतले खडक, शिंपले आणि असमतोल वळणे यांचे मूळ मेसोनिये व पिनो या फ्रेंच रचनाकारांकडे जाते. परंतु फ्रान्समध्ये आरसा बहुधा भिंतीच्या लाकडी आवरणाचाच भाग असे, तर इंग्लंडमध्ये तो दोन खिडक्यांमध्ये स्वतंत्र टांगला जाई, आणि त्याच्या चौकटीवर चिनी पॅगोडे, लांब चोचीचे काल्पनिक हो-हो पक्षी, मध्ययुगीन धाटणीच्या गॉथिक कमानी एकत्र नांदत. लंडनचा कोरीवकाम करणारा टॉमस जॉन्सन याने तर इसापनीतीतले प्राणीही आणले. त्याने १७५८ मध्ये आपला नमुनासंग्रह फ्रेंच मालाला विरोध करणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांना अर्पण केला, ही गंमत फ्रेंच वळणांसकट!

चिपेंडेलचे नमुन्यांचे पुस्तक १७५४ चे. इंग्लिश कोरीवकाम करणारा मथायस लॉक याने भिंतीवरच्या शोभिवंत दीपाधारांचे नमुने १७४४ मध्येच छापले होते. शिवाय छापील नमुना कोरीवकाम करणारा कोणताही कारागीर वापरू शकत असे, त्यामुळे नमुना जुळला म्हणून कारखाना सिद्ध होत नाही.

राहिले सोने. पाइन किंवा लिंडेनच्या लाकडावर सरस-खडूचे लेप, त्यावर तांबडी चिकणमाती, मग फुंकरीने उडेल इतका पातळ वर्ख, आणि शेवटी अकीक या गुळगुळीत दगडाने घासून आणलेली झळाळी. पत्रा असता तर उंच पानांच्या कडांवर झिजून ती तांबडी माती डोकावली नसती.