जबडा वाजला म्हणून कंबर वाकडी होत नाही

गेल्या महिन्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या आणि तोंड उघडण्याआधी त्यांनी मोबाइल उघडला. "डॉक्टर, हे वाचा आणि माझ्या दाढा घासून कमी करून द्या." मेसेज मलाही तीन ग्रुपवर येऊन गेला होता. त्याचा सारांश असा : जबड्याचा सांधा कट् वाजत असेल तर तो झिजलाय, कानातला आवाज, चक्कर, पाठदुखी, कंबरदुखी, थकवा या सगळ्याचं मूळ तिथेच आहे, दातांचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, दुरुस्त करा, गोळ्या सुटतील.

आधी तो कट्. कानाच्या पुढे बोट ठेवून सावकाश आ करा. खालच्या जबड्याचं टोक आधी जागेवर फिरतं, मग पुढे सरकतं. मध्ये एक चिवट चकती असते. ती थोडी पुढे सरकलेली असली की टोक तिच्यावर चढताना आवाज होतो. दुखत नसेल, जबडा अडकत नसेल, तर त्यावर काहीही करायचं नसतं. चांगल्या धडधाकट माणसांचे जबडे वाजतात, माझाही वाजतो.

कानाचं प्रकरण जुनं आहे. 1934 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून मांडलं, की दाढा पडल्यावर जबडा जास्त मिटतो, मागे कानाच्या बाजूला दाबतो आणि त्यातून कानाच्या तक्रारी येतात. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी हे दाबाचं स्पष्टीकरण खोडून काढलं, पण ते फॉरवर्डमधून अजून जिवंत आहे. कान दुखणं मात्र खोटं नव्हे. सांध्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला संवेदना पुरवणारी नस एकच, त्यामुळे दुखतो जबडा आणि हात जातो कानाकडे. चक्कर येत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको.

मानेपर्यंतही मी मेसेजसोबत जाईन. चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागातल्या वेदनेच्या वाटा मेंदूच्या देठात एकत्र येतात, म्हणून मान, कानशील आणि जबडा एकमेकांची दुखणी उसनी घेतात. कंबरेचं काय? दोन्ही दुखणी एकाच माणसाला असतात हे खरं, पण म्हणून एकामुळे दुसरं होत नाही. अमेरिकेत 'ऑपेरा' नावाच्या मोठ्या अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचं अंग आधीच इतरत्र दुखत होतं, झोप बिघडलेली होती, त्यांना पुढे जबड्याचं दुखणं लागण्याचा धोका जास्त निघाला. म्हणजे मेसेजने बैल गाडीच्या मागे जुंपलाय. उलट्या दिशेनेही त्रास होतो, नाही असं नाही. महिनोन्‌महिने दुखलं की जेवण मऊ भातावर येतं, झोप तुटते, माणूस चिडचिडा होतो.

दाढा घासण्याचं ऐकून माझं डोकं फिरतं. घासलेली दाढ परत उगवत नाही. वाकडे दात सरळ करायला तारा जरूर लावा, पण सांध्याचं औषध म्हणून नको. 2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत वर ठेवलेत जबड्याचे व्यायाम, स्नायूंवर हाताने केलेले उपचार आणि दुखण्याकडे बघण्याची सवय बदलणारं समुपदेशन. रात्री दातांवर घालायच्या पट्टीबद्दल त्या फारशा उत्साही नाहीत. मी पट्टी देतो, पण झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजू नयेत म्हणून.

आणि 'सगळं जबड्यामुळेच' या वाक्याचा मला खरा राग आहे. एक तरुण हा मेसेज वाचून दोन महिने जबड्याला तेल चोळत होता. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत, त्याचं जेमतेम दीड जात होतं. तिखट खाल्लं की आग, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि पुठ्ठ्यासारखी ताठ. सांधा ठणठणीत होता. गुटख्यातल्या सुपारीने गाल आवळला होता, आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी 2012 पासून आहे, पुडी मात्र त्याच्या खिशात होती. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून यायला लागला, जोडीला नवी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं असेल, तर त्याच दिवशी फिजिशियन गाठा. कानशिलाच्या धमनीला सूज असेल तर नजर जाऊ शकते. आणि जिना चढताना सुरू होणारं, बसल्यावर थांबणारं जबड्याचं दुखणं हृदयाचंही असू शकतं.

त्या बाईंच्या दाढा मी घासल्या नाहीत. "दोरा कशाने तोडता?" विचारलं, तर दातांनी. टाचण्याही दातांत धरायच्या, आणि शिलाई सरळ येईपर्यंत दात आवळलेले. कात्री वापरायला सांगितली, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायला शिकवलं, गरम शेक आणि दोन व्यायाम दिले. सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा दुखणं बरंच उतरलं होतं. कट् आहेच.

"आणि कंबर?" त्यांनी विचारलं.

"मशीनपुढचं स्टूल बदला," म्हटलं.