सही वर चढली म्हणून जॉब मापात येत नाही

‘कारखानदारांनो, माणूस निवडताना फसू नका’ असा एक मेसेज सध्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या ग्रुपांवर फिरतोय. कोऱ्या कागदावर सही घ्या, खाली उतरत असेल तर उमेदवार निराशावादी. देहबोली बघा, कारण संवादाचा ९३ टक्के भाग तोच. चार अक्षरी स्वभावचाचणी (एमबीटीआय) घ्या. अनुभवाच्या दाखल्यांना भुलू नका. वर शिक्का, ‘मानसशास्त्राने सिद्ध’. एरवी डिलीट करून मोकळी झाले असते. पण अंबडमधल्या एका वर्कशॉपने माझ्या भाच्याला याच सहीवरून परत पाठवलं. आयटीआय मशिनिस्ट झालेला पोरगा आता वहीची पानंच्या पानं चढती सही गिरवत बसतो. उद्या बँकेत सही जुळली नाही, तर निस्तरायला हे मेसेजवाले येणार आहेत का?

सिद्ध काय झालंय ते ऐका. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून, कोणत्या पद्धतीचा पुढच्या कामगिरीशी किती संबंध लागतो ते मांडलं. शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे तंतोतंत. हस्ताक्षराला मिळाले ०.०२. म्हणजे नाणं उडवा नाहीतर सही बघा, सारखंच. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावलं, तर ०.५४. मग सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, माणूस हवाय ना? ड्रॉइंग द्या, मायक्रोमीटर द्या, एक जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजायला लावा. मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो की नाही, पाच मिनिटांत कळेल.

अनुभवाचं म्हणणं, नाइलाजाने, अर्धं मान्य. नुसत्या वर्षांचा संबंध त्याच अभ्यासात ०.१८ इतकाच निघाला. पण त्याला भुलू नका म्हणायचं आणि ०.०२वाल्या सहीला भुलायचं, हा कुठला न्याय?

देहबोलीचा तो ९३ टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून उचललाय. ते प्रयोग होते सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांतून आवड-नावड कशी ओळखतात यावर. ऑफसेट, म्हणजे मशीनमधली टूलच्या मापाची दुरुस्ती, कसा बदलतोस याचं उत्तर हातवाऱ्यांत कसं देणार? चार अक्षरी चाचणीबद्दल एवढंच, की ती चालवणारेच सांगतात, नोकरभरतीसाठी वापरू नका.

२०२२ मध्ये पॉल सॅकेट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी श्मिट-हंटरचे बरेच आकडे खाली आणले, हेही सांगते, नाहीतर कोणीतरी तेच फॉरवर्ड करेल. त्यातही सगळ्यांत वर राहिली ती आधी ठरवलेले, सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारून, उत्तरांना गुण देऊन घेतलेली मुलाखत: ०.४२. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तुटला तर आधी काय बघशील? माप सरकायला लागलं तर मशीन थांबवशील की शिफ्ट संपायची वाट बघशील? असे पाच-सहा प्रश्न सुपरवायझर चहा पिता पिता काढून देईल.