भाकरी सोडून पोट उतरत नाही

एक मेसेज आपल्याकडे ग्रुपाग्रुपांत फिरत असतो: "भाकरी आणि केळी बंद करा, संध्याकाळी सातनंतर काही खाऊ नका, सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू-मध घ्या, पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळा. १५ दिवसांत १० किलो चरबी वितळेल." जळगावपासून नंदुरबारपर्यंत लोक हे मनापासून करतात, चार दिवस उपाशी राहतात, चिडचिडे होतात आणि शेवटी स्वतःलाच दोष देतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी त्या १० किलोंचा हिशेब. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. त्या १५ दिवसांत जाळायच्या तर रोज पाच हजारांहून जास्त तूट हवी. दुकानात किंवा ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसाचा दिवसभराचा एकूण खर्चच दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे त्याने पंधरवडाभर नुसत्या पाण्यावर काढला, तरी चारेक किलोंपलीकडे चरबी जाणार नाही, आणि स्नायू झिजतील ते वेगळेच. तरीही पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि लोकांचा विश्वास बसतो. ते बहुतेक वजन पाण्याचं असतं. भाकरी-भात एकदम तोडला की स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, संपत जातं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. पुन्हा नीट जेवायला लागलं की काटा जागेवर. रोज पाचशे कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलो जातं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरुवात केली तर दहा किलो उतरायला नवरात्र जवळ येईल. खरा वेग हा आहे.

आता भाकरी. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आत कॅलरी आणि दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने प्रथिनं आणखी वाढतात, आणि ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो ती उणीव उडीद भरून काढतो. पोट भरणारं, तंतुमय, आपल्या मातीतलं हे अन्न बंद करून लोक डाएट बिस्किटं खातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. केळ्याचंही तेच. मध्यम आकाराच्या केळ्यात शंभर कॅलरींच्या आसपास असतात. त्याच केळ्याचे तळलेले वेफर्स १०० ग्रॅम खाल्ले तर पाचशेच्या वर जातात. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाने केळ्याला घाबरावं असं त्यात काही नाही.

मग वजन वाढतं कशाने? भरीत होत असताना कढईपाशी उभं राहून बघा. वांगं स्वतः अगदी हलकं, १०० ग्रॅमला तीसेक कॅलरी. पण शेंगदाणे तळले जातात, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण पडतो, कांद्याची पात परतली जाते, ठेचलेलं वांगं जातं, आणि कडेने तेल सुटलेलं दिसेपर्यंत कुणाचं समाधान होत नाही. चार माणसांच्या भरतात वाटीभर, म्हणजे १०० मिली तेल गेलं, तर नुसत्या तेलाच्या आठशेवर कॅलरी झाल्या. माणशी दोनशे, म्हणजे जवळजवळ एक भाकरी. सोबत पुऱ्या असतील तर आणखी तेल. शेवभाजीत रश्श्यावर लाल तर्री आणि आत तळलेली शेव, असं दुहेरी तेल. वरण-बट्टीत बट्टी तळून वर तुपात चुरतात. हे पदार्थ सोडा असं मी म्हणणार नाही, हिवाळ्यात शेतातली भरीत पार्टी सोडणारा माणूस मला माहीत नाही. पण घरात महिन्याला तेलाचे किती डबे लागतात ते बघा आणि भाजीला तेल बाटलीतून न ओतता चमच्याने मोजून घाला. मोठा चमचा म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी.

पोटाला प्लास्टिक गुंडाळणं तर धोक्याचं आहे. घाम शरीर थंड ठेवण्यासाठी येतो, त्यातून पाणी आणि मीठ जातं, चरबी नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या हवेत प्लास्टिक लपेटून पळणाऱ्याला उष्माघात होऊ शकतो. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबीही उतरत नाही. ती कुठून आधी जायची हे शरीर ठरवतं.

सातनंतर खाऊ नये, यात एवढंच खरं की लवकर जेवून उठलं की रात्रीचा चिवडा-फरसाण टळतो. घड्याळात जादू नाही, दिवसभराची बेरीज महत्त्वाची. दुकान नऊला बंद करणाऱ्याने आणि रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी भरायला जाणाऱ्याने उपाशी का झोपावं? शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळूच नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

लिंबू-मधाने चरबी वितळत नाही; एक मोठा चमचा मध म्हणजे साठ कॅलरींची भर.

राहिला व्यायाम. जळगावात मेहरूण तलावाकाठी सकाळी चालणारे पाहून बरं वाटतं, पण ७० किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालून अडीचशेच्या आसपास कॅलरी जळतात, आणि परतताना खाल्लेला एक समोसा त्या भरून काढतो. चालणं हवंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं. त्याला दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची जोड द्या: उठाबशा, जोर, पाण्याने भरलेले कॅन उचलणं. खाणं कमी केल्यावर स्नायू टिकावेत यासाठी ते लागतं. प्रथिनंही लागतात, वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम. त्यासाठी घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, अंडी, सोयाबीन रोज ताटात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला चालायला जा म्हणून सांगू नका, तिच्या ताटात डाळ वाढवा.

आणि रोज वजनकाट्यावर चढण्यापेक्षा महिन्यातून एकदा मोजपट्टीने कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा धरतात.