‘लिनक्स नको, थेट फ्रीबीएसडी टाका’: त्या फॉरवर्डमधलं किती खरं?

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘विंडोज १० संपलं. लिनक्स ही नक्कल, खरं युनिक्स फ्रीबीएसडी, तेच टाका. नाहीतर काली घ्या, हॅकर वापरतात म्हणजे सर्वात सुरक्षित. व्हायरस लागत नाही, जुना लॅपटॉप नव्यासारखा पळतो, टॅलीही वाइनवर चालतं.’ लिनक्स आणि फ्रीबीएसडी म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. काली हा लिनक्सचाच एक प्रकार, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम तिथे चालवून बघणारी सोय. संदेशाचं पहिलं वाक्य बरोबर आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गडबड त्यापुढे आहे.

आधी ‘खरं युनिक्स’, म्हणजे या दोन्हींच्या आधीची जुनी सिस्टिम. फ्रीबीएसडी १९९३ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स कोडमधून निघालं. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्सने १९९१ पासून नव्याने लिहिला. वंशावळ खरी, पण वंशावळीने वाय-फाय लागत नाही. फ्रीबीएसडी १४ चं इन्स्टॉलेशन संपलं की समोर काळा पडदा आणि लॉगिनची ओळ. डेस्कटॉप हवा तर पीकेजी या पॅकेज उतरवणाऱ्या आज्ञेने एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारा भाग), एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आणि डीआरएम-केमॉड (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) बसवायचे, ग्राफिक्सचं मॉड्यूल आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदवायचं आणि स्वतःचा युजर ग्राफिक्स वापरण्याची परवानगी असलेल्या ‘व्हिडिओ’ गटात घालायचा. हे शेवटचं राहिलं तर डेस्कटॉप उघडतो, पण चित्रांचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं आणि व्हिडिओ अडखळतो. हे सगळं उतरवायला नेट लागतं, आणि ब्रॉडकॉम-रियलटेकच्या कित्येक वाय-फाय चिप तिथे चालतच नाहीत. मग लॅनची तार जोडा, किंवा अँड्रॉइड फोनवरून यूएसबी टेदरिंग करा. शिवाय बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही केलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारं कुलूप, बंद करावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं फीचर) चालू असेल तर त्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागतं. ती आधीच कागदावर लिहून ठेवा. मिंट, उबुंटू, डेबियन हे लिनक्सचे प्रकार सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात.

फ्रीबीएसडी वाईट नाही. तारेने जोडलेल्या, झेडएफएस या डिस्कवर डेटा जपून ठेवणाऱ्या पद्धतीवर फोटो-फायली सांभाळणाऱ्या घरच्या सर्व्हरसाठी ते उत्तम आहे. नवख्याचा पहिला डेस्कटॉप म्हणून नाही, एवढंच.

काली तर दुसऱ्यांच्या यंत्रणांतली भोकं शोधण्याचं हत्यार आहे. नवख्यांनी रोजच्या वापराला ते घेऊ नये, असं कालीचे कर्तेच सांगतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी चोरवाट घुसवल्याचं उघड झालं. २६ ते २९ मार्चदरम्यान अपडेट केलेल्या कालीत ती सदोष आवृत्ती पोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नाही. सतत ताजं पॅकेज घेण्याची ही किंमत.

‘व्हायरस लागत नाही’ याचंही उत्तर त्यातच आलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर मिंटची वेबसाइटच फोडून डाउनलोडची लिंक बदललेल्या आयएसओकडे (इन्स्टॉलेशनच्या फाइलकडे) वळवली होती. म्हणून उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) साइटवरच्या आकड्याशी जुळवा, पण फोडलेल्या साइटवर तो आकडाही बदलता येतो. जीपीजी सही, म्हणजे कर्त्यांनी आपल्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही, तपासली तरच खात्री.

जुना लॅपटॉप पळेल का? ४ जीबी रॅमवर मिंटचं एक्सएफसीई नीट चालतं. ब्राउझरचे वीस टॅब उघडले की कुठलंही चालत नाही. रॅम ब्राउझर खातो. फिरती हार्डडिस्क काढून साटा एसएसडी घातली तर फरक लगेच जाणवतो, मग सिस्टिम कोणतीही असो. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मिंट २२ आणि डेबियन १३ दोन्ही बसणार नाहीत.

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. वाइनवर ते उघडलं तरी हिशेबाचं काम त्यावर टाकू नये. ज्यांचा धंदा टॅलीवर आहे त्यांनी विंडोज ठेवावंच. शेजारी लिनक्स बसवायचं असेल तर आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

फॉरवर्डमध्ये प्रिंटरचा शब्दही नाही, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट ही स्वतःचीच भाषा बोलतो, त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुनाट आहे. एचपीचा लेझरजेट १०२० बंद केला की फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) विसरतो. त्याला एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन वेगळं बसवावं लागतं. कृतिदेव या देवनागरी फॉन्टमधल्या जुन्या फायली मात्र फॉन्टची फाइल टाकली की उघडतात.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुना लॅपटॉप घ्यायला जाताना ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट न्या. काउंटरवरच लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून) चालवून वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा परत येतो का, हे पैसे देण्याआधी बघा.